वर्धेपलीकडचा मुलूख

चंद्रपूर जिल्ह्याच्या नकाशात राजुरा वर्धा नदीच्या पलीकडे आहे. अलीकडे बल्लारपूर, तिथला गोंड राजांचा नदीकाठचा किल्ला आणि कागद कारखान्याची धुराडी. मधले अंतर सायकलवरून सहज कापावे एवढेच. तरीही जवळजवळ शंभर वर्षे हे दोन काठ दोन निराळ्या सत्तांचे होते. 1853-54 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, चांदा इंग्रजांकडे गेले, आणि वर्धा ही ब्रिटिश हिंदुस्थान व निजामाचे हैदराबाद यांच्यातली सरहद्द ठरली. अलीकडच्या काठावर मालगुजारी, इंग्रजांचे पोलीस, कलदार रुपया. पलीकडे निजामाचा अंमल, उर्दू दफ्तर, हाली शिक्का आणि माल अडवणारे करोडगिरीचे नाके. नदीच्या या बाजूची जुनी माणसे पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. माझ्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो शब्द होताच, निजाम जाऊन कितीतरी वर्षे झाली होती तरी.

या संग्रहातली छायाचित्रे त्या मोगलाईची आहेत, म्हणजे आजच्या राजुरा, कोरपना आणि जिवती या तीन तालुक्यांची. त्यांच्या दक्षिणेला तेलंगणाचा कुमरम भीम आसिफाबाद जिल्हा लागतो. या भागात मी उमेदीच्या वयात कॅमेरा घेऊन जाऊ लागलो आणि आता केस पांढरे झाले तरी जातोच आहे. सुरुवातीला ओढ होती ती मोकळ्या माळाची: आभाळ मोठे, झाड एखादेच, क्षितिजाला माणिकगडच्या पहाडाची निळी पट्टी. इतिहासाची ओढ पुढे लागली, आणि तीही पुस्तकांमुळे नव्हे. एखाद्या बांधावर तिपाई उभी केली की कोणीतरी यायचे, शेजारी बसायचे आणि सांगायचे, "हे वावर आधी आदिलाबादेत होतं."

ते खरेच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे दोन तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. राजुऱ्याच्या शेतकऱ्याने जिल्ह्याच्या कचेरीसाठी नांदेड गाठायचे, ही व्यवस्था फार दिवस चालण्यासारखी नव्हती. 1959 मध्ये तालुका चांदा जिल्ह्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1964 मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले. 1940 च्या सुमारास राजुऱ्यात जन्मलेल्या माणसाने गाव न सोडता निजाम पाहिला, 1948 नंतरचे लष्करी प्रशासन पाहिले, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र पाहिला. आज त्याची गणना विदर्भात होते, पण त्याचे गाव मध्यप्रांत-वऱ्हाडात कधीच नव्हते. म्हणून इथे स्वातंत्र्याच्या तारखाही दोन आहेत. पंधरा ऑगस्टला झेंडा सगळीकडे लागतो. राजुऱ्यात सतरा सप्टेंबरही मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, मराठवाड्यासारखाच.

निसर्गचित्रांच्या संग्रहाला एवढ्या सनावळ्या कशाला, असे वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर हेच या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे. सरहद्दीचे छायाचित्र काढता येत नाही. कॅमेऱ्यात नदी येते, टेकडी येते, गवत येते. रेघ येत नाही. मात्र त्या रेघेने जमिनीवर काय केले ते फोटोत येते: रस्ता कुठे संपतो, विहीर कोणी खोदली, शाळेच्या पाटीवर कोणती लिपी आहे, कोणत्या घराला पट्टा मिळाला आणि कोणते अतिक्रमण ठरले. सुंदर निसर्गचित्रात या गोष्टी चौकटीबाहेर ठेवण्याचा शिरस्ता आहे. या संग्रहात त्या मुद्दाम आत ठेवल्या आहेत. त्या काढून टाकल्या तर उरणारा माळ देखणा असेल, पण तो राजुऱ्याचा असणार नाही.

पहिला विभाग नद्यांचा आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेला वढा येथे पैनगंगा वर्धेला मिळते. यात्रेला तिथे मोठी गर्दी लोटते आणि त्या ठिकाणाला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. सरहद्दीच्या अंगाने पाहिले तर या संगमाइतकी बोलकी जागा दुसरी नाही. वर्धेच्या पूर्वेला मध्यप्रांतातले चांदा. पैनगंगेच्या उत्तरेला वणीचा भाग, म्हणजे वऱ्हाड. दक्षिणेला निजामाचा राजुरा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच होते, पण 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि 1902 नंतर कायमच्या पट्ट्याने. तीन अंमल तीन काठांवर, आणि मधून वाहणारे पाणी एकच. तिथल्या चित्रांत पाण्याचे दोन रंग दिसतील. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन्ही नद्यांचा गाळ वेगळा असतो आणि संगमाखाली तो काही अंतर शेजारी शेजारी वाहत जातो.

नदी सरहद्द म्हणून सोयीची, पण ती सरहद्दीसारखी वागत नाही. उन्हाळ्यात वर्धेचे पात्र एवढे आटते की गुरे चालत पलीकडे जातात. पावसाळ्यात राजुरा-बल्लारपूर रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जातो आणि काही दिवस दोन्ही गावे पुन्हा परमुलखात असल्यासारखी होतात. ही ताटातूट कायमची मोडली ती रेल्वेने. निजामाच्या रेल्वेची काझीपेठ-बल्लारशाह ही जोडणी 1929 मध्ये पुरी झाली आणि मद्रास-दिल्ली हा सरळ मार्ग खुला झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस तेव्हापासूनची. विहीरगाव, विरूर या स्थानकांवरून ती गाडी आजही जाते. विरूरच्या फलाटावर मराठी आणि तेलुगू दोन्ही कानावर पडतात, आणि एकाच वाक्यात दोन्ही वापरणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

राज्यकर्त्यांनी सरहद्द आखली ती कर गोळा करायला आणि माणसे अडवायला. माणसांनी तिचा दुसरा उपयोग शोधला: आसरा. निजामाच्या जंगल कायद्याविरुद्ध आणि जमिनी हिरावणाऱ्यांविरुद्ध उठलेल्या कुमरम भीमची कथा याच टापूतली. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्याच्या चरित्रकथेत असे सांगतात की तरुणपणी तो सरहद्द ओलांडून चांद्याला पळाला, एका छापखान्यात राहिला आणि तिथे लिहाय-वाचायला शिकला. पुढे 1947-48 मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या लढ्यात स्टेट काँग्रेसने सरहद्दीबाहेर कॅम्प उभारले, त्यांतला एक चांद्याला होता. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव तेव्हा या कॅम्पात काम करत होते. निजामाचा पोलीस नदीपर्यंत येई. पाण्यापलीकडे त्याचा हुकूम चालत नसे.

हे अनुभवाचे शहाणपण जगात दुसरीकडेही दिसते. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या गवताळ प्रदेशातून एकोणपन्नासाव्या अक्षांशाची सरळ रेघ जाते. 1872 ते 1874 या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन पथकांनी ती जमिनीवर उतरवली, मातीचे ढीग रचले, लोखंडी खुंट रोवले. ब्रिटिश पथकाबरोबर रॉयल इंजिनिअर्सचे छायाचित्रकार होते आणि त्यांची चित्रे आजही पाहायला मिळतात: अथांग गवत आणि त्यात एक ढीग, बाजूला मोजमाप करणारी माणसे. पाचच वर्षांत त्या रेघेचा उपयोग बदलला. लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर सिटिंग बुल आणि त्याचे लकोटा लोक 1877 मध्ये ती ओलांडून उत्तरेला गेले, आणि पाठलाग करणारे अमेरिकन घोडदळ रेघेपाशी थांबले. वर्धेवर मातीचे ढीग रचावे लागले नाहीत एवढाच फरक.

या मुलखाकडे साधने घेऊन येणाऱ्यांत मी अर्थातच शेवटच्या काहींपैकी आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा जनक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. म्हणजे या पट्ट्याची मोजणी इंग्रजांच्या चांदा जिल्ह्याहूनही जुनी. पण मोजणीदारांना हवे होते उंच टेकडीचे टोक. टेकडीखाली कोण राहते हा त्यांचा प्रश्न नव्हता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यापुढे महाल, मेजवान्या आणि शिकारी आल्या. संस्थानच्या उत्तर टोकावरची गोंड वस्ती काचेत उतरायला त्यापुढे बराच काळ जावा लागला.

ते काम केले क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने. भीमच्या मृत्यूनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की गोंड का उठले, आणि ते समजून घेण्याची कामगिरी त्याच्यावर आली. तो आणि त्याची पत्नी बेट्टी आदिलाबादच्या मारलवाई गावात राहिले. 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षकांचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेची पाठ्यपुस्तके तयार झाली ती देवनागरीत, कारण त्या काळी आदिलाबादच्या गोंडांना शेजारची भाषा म्हणून मराठीच ओळखीची होती. त्याची असंख्य छायाचित्रे आज लंडनच्या 'सोआस' या संस्थेत आहेत. त्यांत माणसे पुढे आहेत: दंडारी नाचणारे, मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी, पेरणीच्या आधीची पूजा. मागे, जरा धूसर, तोच पहाड आहे. मी उलट्या टोकाने आलो. माझ्या चित्रांत पहाड पुढे आहे. पण त्याची चित्रे पाहिल्यानंतर मला रिकामा माळ रिकामा वाटेनासा झाला. जिथे आज नुसते गवत दिसते तिथे वस्ती होती, ती उठली किंवा उठवली गेली, हे त्या चित्रांनी शिकवले.

दुसरा विभाग जमिनीचा. राजुरा-कोरपन्याची सपाटी कापसाच्या काळ्या जमिनीची आहे, खाली चुनखडी, वर्धेच्या कडेने कोळसा, आणि दक्षिणेला बेसाल्टचा पहाड. या गोष्टींनी माझ्या कामाची रीत ठरवली. काळी जमीन कॅमेऱ्याच्या मीटरला चकवते. मीटरला जग करड्या रंगाचे हवे असते, म्हणून तो काळ्या वावराला उजळ करून टाकतो. चुनखडीची खाण याच्या उलट: पांढरा दगड मीटरला खुपतो आणि तो सगळे अंधारे करतो. एकाच दुपारी वावरातून खाणीकडे गेलात तर हिशेब उलटा करावा लागतो. उन्हाळ्यात पारा 47-48 अंशांवर जातो आणि सकाळी नवाच्या आतच तापलेल्या हवेने क्षितिज हलू लागते. दूरचे भिंग तेव्हा निरुपयोगी. पावसाळ्यात पांदणीतून गाडी जात नाही आणि पायही उचलत नाही. म्हणून या विभागातली बरीच चित्रे कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांची आहेत: कापूस फुटलेला, तूर उभी, गवत पिवळे पडलेले, आणि शेवटी शेवटी पळस पेटलेला.

पहाडाचा विभाग तिसरा, आणि तो सगळ्यांत मोठा. लोक नुसते 'पहाड' म्हणतात. म्हणजे माणिकगडाचा डोंगर आणि त्यामागे पसरलेले जिवतीचे पठार. किल्ला नागवंशी राजांनी बांधला असे मानतात आणि त्याच्या दरवाजावर नागाची आकृती कोरलेली आहे. पुढे तो गोंडांकडे आला. किल्ल्यावरून खाली गडचांदूरकडे पाहिले की अमलनाल्याचे पाणी दिसते आणि पलीकडे सिमेंट कारखान्याची धुराडी. पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहिले की पठार, गुडे, तांडे, ज्वारी-कापसाची वावरे आणि साग उरलेली टोके. कोलाम आणि गोंड इथले जुने रहिवासी. कोलामांचा समावेश केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. त्यांच्यानंतर मराठवाड्यातून लोक आले. लातूर, नांदेड, परभणीकडची कुटुंबे, बंजारा तांडे, मातंग आणि मराठा शेतकरी. काही आधीच आलेले, आणि 1972 च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. रान तोडून वावर केले. आज जिवतीच्या बाजारात जी मराठी ऐकू येते ती वऱ्हाडी नाही, चांद्याकडची झाडीबोलीही नाही. तिचा हेल मराठवाड्याचा आहे.

जमीन कसणे वेगळे आणि ती नावावर असणे वेगळे. वन विभागाचा दावा, महसूल विभागाच्या नोंदी आणि निजामाच्या काळातले कागद यांच्या कचाट्यात पहाडावरची कितीतरी वावरे अडकली. एकाच बांधाच्या दोन बाजूंची चित्रे मी शेजारी शेजारी छापली आहेत. माती एक, पीक एक. एका बाजूच्या शेतकऱ्याला बँकेचे पीककर्ज मिळते, दुसऱ्याला सावकार गाठावा लागतो.

आणि मग ती चौदा गावे. परमडोली, मुकदमगुडा, कोठा, लेंडीगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर आणि त्यांच्या आसपासच्या वस्त्या. इथे नदी नाही, रेघ पठारावरून जाते, आणि 1956 नंतर दोन्ही राज्यांनी या गावांवर हक्क सांगितला. 1980 च्या के. के. नायडू समितीचा कौल महाराष्ट्राच्या बाजूने होता, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1997 पासून कागद महाराष्ट्राचेच नाव घेतो. गावात मात्र दोन्ही राज्ये नांदत राहिली. आधी आंध्र प्रदेश, 2014 नंतर तेलंगणा. दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे, दोन ग्रामपंचायती, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. बाहेरून येणाऱ्या पत्रकाराला यात गंमत दिसते: दोनदा मत, दोनदा रेशन. राहणाऱ्याला त्यातला पेच ठाऊक असतो. बंजारा समाज तेलंगणात 1976 पासून अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांनी दोन राज्यांचे दाखले काढले तर ते दोन वेगळ्या प्रवर्गांचे होतात. पोराला कोणत्या शाळेत घालायचे हा प्रश्न भाषेचा उरत नाही. वीस वर्षांनी तो कोणत्या रांगेत उभा राहील याचा होतो. त्या दोन शाळांची चित्रे या विभागात समोरासमोरच्या पानांवर आहेत, एकाच प्रकाशात घेतलेली.

याच टापूत, महाराजगुड्याच्या रानात, जंगूबाईचे गुहेतले देवस्थान आहे. पौष महिन्यात गोंडांची यात्रा भरते. बैलगाड्या महाराष्ट्रातून येतात तशा तेलंगणातून येतात, कुळांप्रमाणे उतरतात, आणि कोणाला कुठल्या राज्यातून आलात असे कोणी विचारत नाही. विचारतात ते कुळ कोणते. तिथली चित्रे मी गुहेत काढली नाहीत. देवस्थानच्या मानकऱ्यांनी बाहेर मोकळीक दिली होती, आत नाही, आणि ती मर्यादा मला योग्य वाटली. म्हणून इथे दिसतील त्या सोडलेल्या गाड्या, चुली, आणि पहाटेच्या धुक्यात चालत येणारी माणसे.

शेवटचा विभाग क्षितिजाचा आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यांत जास्त तेच बदलले. 1980 च्या दशकात आवारपूर, गडचांदूर या बाजूला मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले; सास्ती, पोवनी भागात कोळशाच्या खुल्या खाणी पसरल्या. खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे आता टेकड्यांएवढे आहेत. नकाशात नाव नसलेल्या त्या टेकड्यांवर बाभूळ आणि सुबाभूळ उगवले आहे, आणि दूरवरून अनोळखी माणसाला ते डोंगरच वाटतील. ज्या माळासाठी मी इथे आलो त्याचा बराच भाग खाणींखाली गेला. त्याबद्दल हळहळून चित्रे काढणे सोपे होते. पण राजुऱ्यातल्या कितीतरी घरांची चूल याच खाणींवर आणि कारखान्यांवर पेटते, आणि तीच घरे धूळ आणि सुरुंगांचे हादरेही सोसतात. दोन्ही गोष्टी एका चौकटीत बसतील अशी जागा शोधणे हेच या विभागाचे काम होते.

वाघाची गोष्टही इथलीच. 2020 मध्ये राजुरा आणि विरूरच्या रानात आरटी-1 नावाच्या वाघाने अनेकांचा जीव घेतला आणि ऑक्टोबरअखेर तो पिंजऱ्यात सापडला. ताडोब्याहून दक्षिणेला कवालच्या व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्या वाघांच्या वाटा याच वावरांमधून जातात. त्या वर्षी ऐन कापूस वेचणीच्या तोंडावर माणसे वावरात जायला धजत नव्हती. त्या दिवसांतले एक चित्र संग्रहात आहे: पांढरे झालेले शेत, वेचायला कोणी नाही. पुस्तकातल्या इतर रिकाम्या माळांबरोबर ते पाहू नये. ते रिकामेपण भीतीचे आहे.

मांडणीबद्दल थोडे. प्रत्येक चित्राखाली गावाचे नाव, महिना आणि साल दिले आहे. चौदा गावांच्या चित्रांखाली गावात लागलेल्या पाट्यांवर जे लिहिले आहे तेच, दोन्ही लिपींतले, मराठी अक्षरांत उतरवले आहे; कागदाचा निर्णय काय आहे ते वर सांगितले आहे, आणि चित्राचे काम गावात काय दिसते ते सांगण्याचे आहे. रस्त्यात भेटलेल्या माणसांची नावे दिलेली नाहीत. ज्यांनी पाणी दिले, ओसरी दिली, रात्री टेंभा धरून वाट दाखवली, त्यांना आपली नावे छापलेली नको होती. त्यांच्या वावरांची चित्रे त्यांच्या घरी आधी पोचली आहेत, पुस्तक नंतर निघाले.

शेवटच्या पानांवर प्रत्येक चित्र कुठे उभे राहून घेतले ते लिहिले आहे: कोणत्या पुलाच्या कोणत्या टोकावरून, कोणत्या देवळाच्या मागून, कोणत्या दिशेला तोंड करून. छायाचित्रकार सहसा आपल्या जागा सांगत नाहीत. मी सांगतो आहे, कारण या मुलखाच्या सत्ता, सरहद्दी आणि टेकड्या इतक्या वेळा बदलल्या आहेत की एका माणसाच्या आयुष्यातली चित्रे पुरी पडणार नाहीत. राजुऱ्याच्या किंवा जिवतीच्या कुण्या मुलाने-मुलीने हातातल्या मोबाइलनेच का होईना, दहा-वीस वर्षांनी त्याच जागी उभे राहून तीच दिशा पुन्हा टिपावी. दोन चित्रे शेजारी ठेवली की रेघेने मधल्या काळात काय केले ते दिसेल, आणि ते सांगायला तेव्हा माझी प्रस्तावना लागणार नाही.